तीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या ‘शेवटच्या खिडकी’चा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

बंद झालेल्या दुकानाचा रिव्ह्यू कोण लिहितं असं वाटेल, पण एखादं हॉटेल बंद पडलं तरी तिथल्या मिसळीबद्दल लोक वर्षानुवर्षं बोलतातच ना, तसंच समजा. इथं तर दुकान, म्हणजे इंटरनेटचे पत्ते वाटणारी ‘शेवटची खिडकी’, बंद होऊन जवळपास तीस वर्षं झाली आणि तिथून घेतलेला माल अजून रोज वापरात आहे. वापरतो माझा क्लायंट, निस्तरतो मी.

मी मूळचा तासगावचा, गेली काही वर्षं नेदरलँड्समध्ये आइंडहोवनच्या बाजूला नेटवर्किंगची कामं करतो. एक छोटा कारखाना आहे, मशीनचे सुटे भाग बनवतात, चाळीसेक माणसं. त्यांचा आधीचा आयटीवाला माणूस रिटायर झाला आणि काम माझ्याकडे आलं, सोबत एक जाडजूड फाइल. तिच्यात १९९४ चा एक फॅक्स होता. त्यात लिहिलेलं, तुम्हाला दोन क्लास सी नेटवर्क दिली आहेत. क्लास सी म्हणजे आजच्या भाषेत स्लॅश चोवीस, एकात २५६ आयपी, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, दोन मिळून ५१२. आणि देणारं कोण, तर कुठली इंटरनेट कंपनी नाही, लास्ट रिझॉर्ट रजिस्ट्री. मी एवढी वर्षं या धंद्यात असून हा शब्द फक्त जुन्या कागदांत वाचला होता, प्रत्यक्ष तिथला माल पहिल्यांदा हातात आला.

आता ही काय भानगड ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंटरनेटवरचे पत्ते वाटायची एक उतरंड आहे. सगळ्यात वर आयाना, तिच्याखाली खंडानुसार रजिस्ट्र्या, त्यांच्याखाली तुमच्या-आमच्या इंटरनेट कंपन्या आणि तळाला गिऱ्हाईक. युरोपसाठी ॲमस्टरडॅममध्ये १९९२ ला राइप एनसीसी सुरू झाली. हे होलसेलवाले, रिटेल काउंटर नाही. पत्ता पाहिजे तर ज्याच्याकडून कनेक्शन घेताय त्याच्याकडे मागा, तो आमच्याकडून घेईल, असा साधा हिशोब. पण त्या काळात बऱ्याच ठिकाणी इंटरनेट कंपनीच नव्हती किंवा असली तरी गिऱ्हाइकाला कनेक्शन लगेच नको असायचं, फक्त ऑफिसात नेटवर्क टाकायचंय आणि उद्या जोडायचं झालं तर नंबर बदलायला नकोत, एवढंच. असा माणूस कुठं जाणार? त्याच्यासाठी देशागणिक एक खिडकी ठेवलेली, तीच ही लास्ट रिझॉर्ट रजिस्ट्री. कुणीच देत नसेल तर इथं या. बऱ्याच ठिकाणी विद्यापीठांच्या किंवा रिसर्चच्या नेटवर्कवाली मंडळीच मूळ काम सांभाळून ही खिडकी चालवायची.

तर आता सर्व्हिसबद्दल.

फॉर्म एकदम सुटसुटीत, त्याला पूर्ण मार्क. फाइलमध्ये त्याची कॉपी आहे. आता किती मशीन, वर्षाने किती, दोन वर्षांनी किती, आतलं नेटवर्क कसं विभागणार, संपर्काला माणूस कोण, बस. त्या रिटायर झालेल्या आजोबांना मी एकदा कॉफीला भेटलो तेव्हा विचारलं की ५१२ कशाला मागितले हो, तेव्हा तर ऑफिसात पंचवीस कॉम्प्युटर पण नसतील. ते हसायला लागले. म्हणाले, एक नेटवर्क ऑफिसला आणि एक शॉपफ्लोरला असं डोक्यात होतं, दोन मागितले, दोन आले. पैसे? काही नाही. आणि गंमत म्हणजे कारखाना तेव्हा इंटरनेटला जोडलेलाच नव्हता! पहिली लाइन तीन वर्षांनी आली. तोपर्यंत जगात एकमेव असलेले ते ५१२ पत्ते कारखान्याच्या चार भिंतींच्या आत प्रिंटरला नि ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरला लावून ठेवलेले, जिथून ते बाहेर कुणाला दिसतही नव्हते. फुकट ते पौष्टिक ही म्हण फक्त आपल्याकडेच लागू पडते असं नाही हे मला त्या दिवशी कळलं.

आज त्या ५१२ पैकी वापरात किती आहेत? नऊ. फायरवॉल, मेल, व्हीपीएन आणि किरकोळ. बाकी ५०३ बसून आहेत.

यात आजोबांची चूक आहे असं मी म्हणत नाही हां. त्या वेळी ४३० कोटी पत्ते म्हणजे समुद्र वाटायचा. पण खरा लोचा संपण्याचा नव्हताच, म्हणजे तेव्हा तरी नव्हता, खरा लोचा वेगळाच होता आणि तो पोस्टाच्या भाषेत सांगितला तर पटकन कळेल. पिनकोड ४१६ ने सुरू झाला की दिल्लीतल्या सॉर्टिंगवाल्याला कळतं हे कोल्हापूर-सांगलीकडचं, गठ्ठ्यात टाक, पुढचं तिकडचे बघतील. त्याला तासगावातली गल्ली माहीत असायची गरज नाही. आता समजा सरकारने काही लोकांना असा पिनकोड दिला जो कुठल्याच जिल्ह्याचा नाही, तर देशातल्या प्रत्येक पोस्टात त्या माणसाचं नाव वेगळं लिहून ठेवावं लागणार. शेवटच्या खिडकीतून मिळालेले पत्ते नेमके असे. त्यांच्यामागे कुठली इंटरनेट कंपनी नाही म्हणून ते कुणाच्या मोठ्या गठ्ठ्यात बसत नाहीत, आणि हा कारखाना जेव्हा जोडला जातो तेव्हा त्याच्या दोन छोट्या नोंदी जगातल्या प्रत्येक मोठ्या राउटरला पाठ कराव्या लागतात. होनोलुलूतल्या राउटरलासुद्धा. १९९३ मध्ये सीआयडीआर नावाची पत्ते वाटायची नवी पद्धत आणली ती गठ्ठे बांधता यावेत म्हणूनच, कारण राउटर ही पाठ केलेली यादी ज्यात ठेवतो ते टेबल वाढेल तशी तेव्हाच्या राउटरांची मेमरी पुरेना. आणि एका बाजूला गठ्ठे बांधायचे, दुसऱ्या बाजूला खिडकीतून सुटी नाणी वाटायची, असं चाललेलं.

हा प्रॉब्लेम जुना झाला असं वाटत असेल तर १२ ऑगस्ट २०१४ आठवा. त्या दिवशी जगाच्या राउटिंग टेबलने ५१२ हजारांची रेघ ओलांडली, काही जुन्या राउटरांत तेवढ्याच नोंदींची जागा होती, आणि इकडे तिकडे नेट रडायला लागलं. (५१२ या आकड्याशी माझं मागच्या जन्मीचं काहीतरी आहे, पुढे परत येतोय तो.) आज टेबल दहा लाखांच्या आसपास आहे. त्यातल्या दोन नोंदी माझ्या क्लायंटच्या, सॉरी बरं का होनोलुलू.

म्हणून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर या खिडक्या हळूहळू बंद करत आणल्या तेव्हा मला वाटतं त्यांना पर्याय नव्हताच. तोवर इंटरनेट कंपन्या गल्लोगल्ली झाल्या होत्या, म्हणजे ‘कुणीच देत नाही’ ही सबब संपलेली. आणि ज्यांना जोडायचंच नव्हतं त्यांच्यासाठी खासगी पत्ते आले, आधी मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५९७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटवाल्यांचे नंबर लावलेले नियम-सूचनांचे कागद) आणि मग पक्कं फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८, म्हणजे तुमच्या घरच्या राउटरवर आज जे १९२.१६८ दिसतं ना तेच. घरातल्या घरात कितीही वापरा, शेजाऱ्याने पण तेच वापरले तरी फरक पडत नाही. आमच्या आजोबांना फॉर्म भरायच्या आधी हा कागद कुणी दाखवला असता तर ५१२ पत्ते वाचले असते. एका वर्षाच्या आतली गोष्ट.

सगळ्यांना हे खासगी प्रकरण पटलं होतं असं अजिबात नाही. १९९४ च्याच जुलैमध्ये आरएफसी १६२७ आला, त्याचं नावच ‘नेटवर्क १० घातक आहे’ अशा धाटणीचं (नेटवर्क १० म्हणजे १० ने सुरू होणारे खासगी पत्ते), म्हणे उद्या दोन कंपन्या एकत्र झाल्या आणि दोघींच्या आत तेच नंबर असले तर काय करणार? मी पूर्वी हे वाचून हसायचो. मग या कारखान्याने शेजारचं एक वर्कशॉप विकत घेतलं, त्यांच्याकडे सगळं १९२.१६८.१ वर आणि आमच्या कारखान्याने पुढे नव्या मशिनांना जे खासगी नंबर दिलेले तेही १९२.१६८.१ वरच, आणि माझे दोन वीकेंड नंबर बदलण्यात गेले. शॉपफ्लोरवरच्या एका जुन्या मशीनच्या कंट्रोलरचा आयपी बदलायला पासवर्ड लागत होता आणि तो मशीनच्या मागे मार्करने लिहिलेला निघाला, ग्रीसच्या खाली. तेव्हा १६२७ वाल्यांची माफी मागितली मनातल्या मनात.

बंद कशी केली याला मात्र मी मार्क कापणार. खिडकी बंद म्हणजे नवीन देणं बंद. दिलेला माल आहे तिथेच. फेब्रुवारी १९९६ मध्येच आरएफसी १९१७ आला, त्यात विनंती की बाबांनो न वापरलेले पत्ते परत करा. विनंती! गावात गायरान बळकावलेल्याला ग्रामसभेत हात जोडून सांगितलं तर तो किती सोडेल? कारखान्याच्या फाइलमध्ये त्या विनंतीचा पत्ताही नाही. आणि देणारी खिडकी गेल्यावर नोंदींचा वाली कोण? डेटाबेसमध्ये नोंद होती, पण कंपनीचं नाव जुनं, पत्ता जुन्या शेडचा, संपर्काला आजोबा, आणि फोन नंबर तर असा की तो लावताच येत नाही, कारण नेदरलँड्समध्ये १० ऑक्टोबर १९९५ ला सगळ्या देशाचे फोन नंबर बदलून दहा आकडी केले आणि नोंदीत त्याच्या आधीचा नंबर. आपल्याकडे सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव राहतं ना वारस नोंद न केल्यामुळे, अगदी तस्सं. जमीन आपण कसतोय, कागद मात्र मेलेल्या माणसाच्या नावावर. (आजोबा ठणठणीत आहेत, गैरसमज नको. सायकलवर फिरतात.)

२००९ च्या सुमाराला राइपने नियम केला की असे सुटे पत्ते ज्याच्याकडे आहेत त्याचा कुणाशी तरी लेखी करार पाहिजे, एकतर स्वतः मेंबर व्हा नाहीतर एखाद्या मेंबर कंपनीला मध्यस्थ म्हणून धरा, त्याला स्पॉन्सरिंग एलआयआर म्हणतात. म्हणजे बंद खिडकीची राहिलेली उधारी पंधरा वर्षांनी वसूल करायला घेतली. मेंबर व्हायचं तर वर्षाला १४०० युरो, आम्ही हे काम केलं तेव्हाची फी सांगतोय, नऊ पत्ते वापरणाऱ्या कारखान्याला ते कशाला. स्पॉन्सरमार्फत राइपची फी बरीच वर्षं ब्लॉकमागे फक्त ५० युरो होती, वर मध्यस्थाचं काय असेल ते.

या मध्यस्थाचा अनुभव. पहिला जो धरला, नाव घेत नाही, त्याने पैसे घेतले, करारावर सही घेतली आणि तो करार चार महिने पुढे पाठवलाच नाही. मेल केला की ‘इन प्रोसेस’. फोन केला की ज्याच्याकडे काम आहे तो सुट्टीवर. शेवटी कंटाळून दुसरा धरला, त्याने पहिल्याच दिवशी कागदांची यादी पाठवली: चेंबर ऑफ कॉमर्सचा ताजा उतारा, नाव बदलल्याचा पुरावा, आधीच्या कंपनीचा ह्या कंपनीशी संबंध दाखवणारा कागद. १९९४ चा फॅक्स इथं कामाला आला, फाइल फेकली नाही म्हणून आजोबांना मी चॉकलेटचा डबा नेऊन दिला. राइप एनसीसीकडून प्रश्न आले, दोनदा, नेमके आणि सरळ, उत्तरं दिली, आणि काम झालं. कागद बघणारा माणूस खरंच कागद बघत होता हे कळत होतं, उगाच टिकमार्क नाही. त्यांना पाच स्टार. त्यानंतर आरओए काढलं, म्हणजे हा ब्लॉक ह्याच नेटवर्ककडून आला तर खरा अशी सही केलेली नोंद, आता दुसऱ्या कुणी तो आपल्या नावावर जाहीर केला तर ही नोंद तपासणारे राउटर त्याला दारातच अडवतील.

आता ५१२ परत येतो म्हणालो होतो ना. माझा एक शाळकरी दोस्त तासगावजवळ केबल आणि फायबर नेट चालवतो, तीन हजारांच्या आसपास कनेक्शन आहेत. त्याने लॉकडाउननंतर स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपलं नेटवर्क स्वतंत्र ओळखलं जायचा नंबर) आणि आयपी घेतले, इरिनकडून, म्हणजे निक्सीच्या अंडर आपली जी राष्ट्रीय रजिस्ट्री आहे, २०१२ पासून चालू आहे, आणि तिच्या वर एपनिक, म्हणजे आशिया-पॅसिफिकची राइपसारखी रजिस्ट्री. आशियात शेवटचा मोठा साठा, १०३ ने सुरू होणारा, एप्रिल २०११ मध्ये रेशनवर काढला, प्रत्येकाला जास्तीत जास्त १०२४. मग फेब्रुवारी २०१९ पासून ते पण निम्मं केलं. किती? ५१२.

मी त्याला फोनवर कारखान्याची गोष्ट सांगितली. दोन मिनिटं पठ्ठ्या गप्प. मग म्हणाला, “म्हणजे लेका, चाळीस माणसांच्या कारखान्याला नेट नसताना जेवढं दिलं तेवढंच मला अख्ख्या तीन हजार घरांसाठी?” मी म्हटलं हो, आणि त्यांनी नऊच वापरलेत. पुढे जे बोलला ते इथं टाइप करत नाही.

त्याचं सगळं सीजीनॅटवर चालतं, एका आयपीमागे दहा-पंधरा घरं कोंबायची, काही पत्ते दुकानवाल्यांना स्टॅटिक द्यायला बाजूला ठेवायचे. आणि रोजची कटकट वेगळीच. सीसीटीव्हीवाला येतो, डीव्हीआर बसवतो, मोबाइलवर कॅमेरा दिसत नाही म्हणतो आणि गिऱ्हाइकाला सांगून जातो की तुमच्या नेटवाल्यालाच पब्लिक आयपी मागा. गिऱ्हाईक फोन करून भांडतं. गेम खेळणारी पोरं गेममध्ये ‘नॅट टाइप स्ट्रिक्ट’ दाखवतंय, नीट जोडलं जात नाही म्हणून भांडतात. वर कुणी काही उद्योग केला आणि पोलिसांनी विचारलं तर त्या वेळी त्या पोर्टवर कुठलं घर होतं ते सांगता यावं म्हणून लॉग साठवायचे, त्या डिस्कचा खर्च निराळा. आयपीव्ही ६, म्हणजे नव्या पिढीचे पत्ते, त्याने दिलेत सगळ्यांना, ते मुबलक, मोबाइलच्या बाबतीत तर भारत त्यात चांगलाच पुढे आहे, पण तो स्वस्तातला डीव्हीआर आयपीव्ही ६ बोलत नाही त्याला तो काय करणार.

तर शेवटच्या खिडकीला साडेतीन स्टार कसे दिले ते सांगतो. दीड स्टार कापला तो अर्थात न बघता वाटल्याबद्दल आणि नोंदी वाऱ्यावर सोडल्याबद्दल. मग साडेतीन तरी का? कारण त्या खिडकीने एक गोष्ट दिली जी आज कुठल्याच कनेक्शनसोबत मिळत नाही. कारखान्याने आत्तापर्यंत चार इंटरनेट कंपन्या बदलल्या, एक बुडाली, एकीने रेट वाढवले, आणि चारही वेळा पत्ते तेच राहिले. मोबाइल नंबर पोर्ट करतो ना आपण, तसं. कंपनीच्या गठ्ठ्यातला पत्ता घेतला की कंपनी सोडताना पत्ता ठेवून जायचा, मग व्हीपीएन, मेल, गिऱ्हाइकांच्या फायरवॉलमधली परवानगी, सगळं नव्याने. माझ्या दुसऱ्या एका क्लायंटने फक्त ह्या भीतीपोटी एका भिकार सर्व्हिसवाल्याला सहा वर्षं सहन केलं. खिडकी बंद झाल्यावर छोट्या गिऱ्हाइकाचं हे स्वातंत्र्य आटत गेलं हे खरं आहे आणि त्या काळी विरोध करणाऱ्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पण प्रत्येक पंचवीस कॉम्प्युटरवाल्याला ते दिलं असतं तर टेबल दहा लाखावर थांबलं नसतं, हेही दिसतंय. नोव्हेंबर २०१९ मध्ये राइपकडचा साठा पण संपला, त्यामुळे आता खिडकी उघडली तरी आत द्यायला काही नाही.

कारखान्याच्या मालकांना मी हिशोब करून दाखवला. २०२१-२२ ला बाजारात एका पत्त्याला पन्नास डॉलरच्या आसपास भाव होता, म्हणजे तेव्हा ५१२ चे पंचवीस हजार डॉलर झाले असते, आता भाव बराच उतरलाय. म्हटलं, नऊच वापरताय, निदान एक ब्लॉक तरी विकून टाका. त्यांनी फाइल मागवली, फॅक्स वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, विकला तर परत पाहिजे झाल्यावर कुठून आणायचा? मी म्हटलं, विकत. मग राहू दे म्हणाले. फाइल परत माझ्या कपाटात आहे, फॅक्सचा कागद पिवळा पडत चाललाय म्हणून आता स्कॅन करून ठेवलाय.